सभेपुढचा चौथा विषय

एमलिन प्रॉसर यांनी ॲशर्स फोर्ड कंट्री क्लब एकतीस वर्षं सांभाळला. त्यातली बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मी मिली हुडाक. डायनिंग हॉल आणि व्हरांडा माझ्याकडे होता. आमचं घर खाली गावात, नदीला लागून, पोलादाच्या कारखान्यापाशी. क्लब वर टेकडीवर. माझे वडील म्हणायचे, धूर आपल्या वाट्याला आणि वारा त्यांच्या.

क्लब १८९७ सालचा. मूळ इमारत एकवीस साली जळली, तेव्हा सभासदांनी ती जशीच्या तशी पुन्हा बांधली. दाराच्या मुठीसुद्धा जुने फोटो बघून घडवून घेतल्या. त्यांना बदल सोसत नसे, आणि मिस्टर प्रॉसरना तर त्याहून नसे. सकाळी सहाला ते हातात फडकं घेऊन खालच्या फाटकापासून चालत निघायचे. फाटकावरची पितळी पाटी पुसायची, गोल्फचा पहिला चेंडू मारतात त्या टीजवळची बाकं पुसायची, नवव्या होलच्या हिरवळीवर गुडघा टेकून गवत बोटानं मोजायचं, मग पोहण्याच्या तलावात थर्मामीटर बुडवायचा. कुठल्या पोराला शेंगदाणा चालत नाही, कुठल्या दोन विधवांना शेजारी बसवायचं नाही, कुणाच्या घटस्फोटात घर कुणाला मिळालं आणि क्लब कुणाला, सगळं त्यांच्या डोक्यात. शुक्रवारी मुलांचं जेवण, ईस्टरला पोरांनी शोधायला लपवलेली अंडी, उन्हाळ्यात गोल्फचे सामने, थंडीत तळं गोठलं की स्केटिंग. एवढं सगळं चालायचं, पण त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. सभासद त्यांना ‘एमलिन’ म्हणत. आम्ही ‘मिस्टर प्रॉसर’ म्हणत असू. तेही मला बावीस वर्षांत एकदासुद्धा ‘मिली’ म्हणाले नाहीत. कायम ‘मिसेस हुडाक’.

मॅनेजरला राहायला क्लबनं घर दिलेलं होतं. स्वयंपाकघराच्या मागे थोडं उतरून गेलं की झुडपांचं उंच कुंपण आणि त्याच्या पलीकडे ते पांढरं लहानसं घर. तिथं मिस्टर प्रॉसर, त्यांची बायको व्हर्ना आणि मुलगी गेल. छप्पन साली ते इथे आले तेव्हा आधीचे मॅनेजर, कल्बर्टसन नावाचे गृहस्थ, त्यांनी किल्ल्या देताना बजावलं, “कुंपणापलीकडे तुझं, अलीकडे त्यांचं. सोमवारी क्लब बंद, तेव्हा तुझी माणसं फिरली तर चालेल. एरवी नाही.”

हे मिस्टर प्रॉसरनी मनावर कोरून घेतलं. गेल लहानपणी सोमवारी पोहायची, आईबरोबर, मोकळ्या तलावात. बाकी सहा दिवस कुंपणाच्या फटीतून दुसऱ्या पोरांच्या उड्या बघायची. आठवीत गेली तशी तिनं सोमवारचंही बंद केलं. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात जायची, आमच्या कामगारांच्या पोरांबरोबर. पुढे शिकली, लग्न केलं, पार ओरेगॉनला गेली.

व्हर्ना मात्र राहिली. तिच्यासारखी बोलकी बाई मी पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यायची, हातात फुलांची बादली, आणि दारातच उभी राहून अर्धा तास गप्पा मारायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, “नको बाई, तुझ्या साहेबांनी बघितलं तर माझी नोकरी जायची!” आणि खळखळून हसायची. व्हरांड्यातल्या सव्वीस टेबलांवरची फुलं तिच्या अंगणातली. मे-जूनमध्ये पिओनी, नंतर थंडी पडेपर्यंत झिनिया. ती बादली मला द्यायची आणि विचारायची, “काल कुठलं टेबल चांगलं दिसलं?” मी सांगायची. तिनं स्वतः ती टेबलं मांडलेली कधी पाहिली नव्हती. सोमवारी जायची तेव्हा खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असायच्या.

मला तिची दया यायची, कधीकधी मिस्टर प्रॉसरचा रागही यायचा. पण त्या माणसाला बोलायची सोय नव्हती, कारण त्यांनी स्वतःला कधी वेगळं मापच लावलं नाही. ते स्वतः व्हरांड्यात तीस वर्षांत एकदाही खुर्चीवर टेकले नव्हते.

आता अ‍ॅसुंटाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अ‍ॅसुंटा फेरांते आमच्याकडे गोड पदार्थ करायची. अठरा वर्षं. तिच्या पीच पायसाठी लोक शेजारच्या गावांतून पाहुणे म्हणून येत. स्वयंपाकघरात सगळे तिला मम्मा म्हणत. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी तिच्या मुलीला एकाएकी दवाखान्यात न्यावं लागलं आणि सहा वर्षांची नात, टिना, घरी ठेवायला कुणी नाही म्हणून मम्मा तिला घेऊन आली. उकाडा असा, की लोणी पातेल्याबाहेरच पातळ व्हायचं. पोर मागच्या पायरीवर बसून कंटाळली आणि कधी सटकली कुणाला कळलं नाही. मिस्टर प्रॉसर तलावापाशी गेले तर ही उथळ पाण्यात, चड्डीवर, दुसऱ्या पोरांबरोबर पाणी उडवतेय. कुणी तक्रार केली नव्हती. उलट एका बाईनं तिला स्वतःचा टॉवेल गुंडाळला होता.

मिस्टर प्रॉसरनी पोरीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात आणलं. मम्मा पिठात हात घालून उभी होती.

“मिसेस फेरांते, हे चालणार नाही.”

“सहा वर्षांची आहे, साहेब. पाणी बघितलं, शिरली.”

“माझी मुलगी दहा वर्षं कुंपणातून बघत होती. ती नाही शिरली.”

मम्मानं हात पुसले. “मग काय म्हणणं आहे?”

“हे मी सोडून दिलं तर उद्या कुणालाच काही सांगता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत राहा. शिफारसपत्र मी चांगलं देईन.”

“महिनाअखेर कशाला?” ती म्हणाली, आणि ॲप्रन काढून तिथेच टेबलावर ठेवलं. ओव्हनमध्ये नऊ पाय होते. मिस्टर प्रॉसरनी स्वतः गाडी काढून तिला आणि पोरीला घरी सोडलं. मम्मा मागच्या सीटवर बसली. हे मला तिनंच पुढे सांगितलं.

त्या रात्री मिस्टर प्रॉसर जेवले नाहीत असं व्हर्ना म्हणाली. मला वाटलं, न जेवून काय होतं?

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये व्हर्ना मागच्या दाराशी आली. बादली नव्हती. फुलांचे दिवस अजून लागायचे होते. मी बटाटे मोजून घेत होते.

“मिली, बस जरा.”

“तू दारात उभी आणि मी बसू?”

“बस गं. मला स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघशील.” मग लगेच म्हणाली, “रडू नकोस, बटाटे खारट होतील.”

मी रडलेच. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही दुखणं माझंच होतं. थोड्या वेळानं म्हणाली, “माझं एक खूळ आहे. हसणार नसशील तर सांगते. मला एकदा व्हरांड्यात जेवायचंय. रविवारी. लोक असताना. पोरं तलावात ओरडतायत, नवव्या होलवर कुणाचा तरी चेंडू चुकलाय आणि तो शिव्या देतोय, बायका एकमेकींच्या टोप्या बघतायत. चिकन सॅलड आणि गार चहा. बास.”

“एवढंच? सोमवारी मी सगळं मांडते, सव्वीसच्या सव्वीस टेबलं…”

“सोमवार नको. सोमवार मी एकतीस वर्षं बघितलाय. माणसं नसलेला क्लब म्हणजे मयत झालेलं घर.”

“मग मिस्टर प्रॉसरना सांग.”

“सांगितलंय,” ती म्हणाली. “त्याचं तोंड बघवेना. म्हणाला, बघतो.”

त्यांनी बघितलं ते आपल्या पद्धतीनं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं. इतकी वर्षं झाली, पण दार लावून बोलायचा तो पहिलाच प्रसंग.

“मिसेस हुडाक, व्हर्नाचं तुम्हाला माहीत आहे. मी कमिटीला पत्र लिहितोय. एका जेवणापुरती नियमातून सूट.”

“पत्र? मिस्टर ल्युकेन्स आत्ता बारमध्ये बसलेत. जाऊन दोन शब्द बोला ना.” विनफिल्ड ल्युकेन्स म्हणजे क्लबचे अध्यक्ष. मोठ्यानं हसणारा, गोल्फ वाईट खेळणारा, मनानं बरा माणूस.

“बारमध्ये मागितलेलं मागितलं होत नाही. ते उपकार होतात.”

“मग उपकार घ्या! तिच्याकडे दिवस किती आहेत?”

त्यांनी समोरचा टीपकागद सरळ केला. मग म्हणाले, “ज्या नियमानं मी अ‍ॅसुंटा फेरांतेला काढलं, त्याच नियमातून माझ्या बायकोला गुपचूप सूट कशी घेऊ? मागायची तर सरळ मागायची. लेखी. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.” आणि दार उघडायच्या आधी, “तुम्ही यातलं कुणाशी बोलणार नाही, असा शब्द द्या.”

मी शब्द दिला.

कमिटीची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी. मे महिन्याची सभा रद्द झाली, कारण पावसानं पाचव्या होलजवळचा बांध फुटला आणि सगळे तिकडे धावले. अकरा जूनला सभा भरली, पण पाहुण्यांबरोबरचे सामने त्याच आठवड्यात होते. सातांपैकी तिघंच आले. कोरम नाही. मिस्टर प्रॉसरच्या पत्राचा लखोटा न उघडता पुढच्या सभेवर गेला. नऊ जुलै.

मधल्या काळात व्हर्ना वाळत चालली. तरी फुलं येत होती, पण बादली आता मी आणायला जायची. ती अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि कात्री कुठे लावायची ते बोटानं दाखवायची. सव्वीसाऐवजी कधी पंधरा टेबलांना पुरायची, कधी दहा.

एकदा मिस्टर ल्युकेन्सनी मला व्हरांड्यात थांबवलं. “मिली, यंदा फुलं कमी दिसतायत. व्हर्ना बरी आहे ना?”

हातात चार प्लेटा होत्या. एवढंच म्हणायचं होतं, नाही, बरी नाही, आणि तिला इथे बसायचंय. एक वाक्य. मी म्हणाले, “थकलीय जरा. उन्हाचं.”

“माझा नमस्कार सांग तिला,” ते म्हणाले आणि सॅलडकडे वळले. शब्द दिला होता म्हणून मी गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय.

एकवीस जूनचा रविवार फादर्स डेचा होता. व्हरांडा गच्च. पोरांनी बापांसाठी कागदी टाय केलेले, बाप ते गळ्यात अडकवून जेवत होते. तलावात तर पाणी दिसत नव्हतं, नुसती डोकी. मी बर्फाचा ट्रे घेऊन वळले आणि मला कुंपणाशी निळं काहीतरी दिसलं.

व्हर्ना होती. कुंपणाला वाट होती त्या मोकळ्या जागेत उभी. निळा ड्रेस, जो आता तिच्या अंगावर दोन बोटं सैल लटकत होता, पांढरे हातमोजे, ओठांना रंग. एका हातानं तिनं झुडूप धरलं होतं. ती आत येत नव्हती, परतही जात नव्हती. तिथून सगळं दिसत असणार तिला: टेबलं, पोरं, नववं होल. तिच्या चेहऱ्यावर जत्रेत आलेल्या माणसाचं हसू होतं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मिस्टर प्रॉसर उभे होते. त्यांनाही ती दिसली. ते पायऱ्या उतरले, हिरवळीवरून चालत गेले. घाई नाही, काही नाही, एखाद्या सभासदाला गाडीपर्यंत पोचवायला निघावं तसे. मला वाटलं, आता आणतील. मी खरंच ट्रे खाली ठेवला आणि कठड्याजवळचं दोघांचं टेबल रिकामं होतं त्याच्यावरचे चमचे सरळ केले.

त्यांनी तिच्या कोपराखाली हात घातला. काहीतरी बोलले. तिनं मान हलवली. मग त्यांनी तिला हळूच वळवलं आणि दोघं कुंपणामागे दिसेनासे झाले.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती बिछान्यावर होती, ड्रेस अजून अंगावरच.

“काय म्हणाले ते?”

“म्हणाला, नऊ जुलैला सभा आहे.” तिनं डोळे मिटले. “त्याच्यावर रागवू नकोस, मिली. मीच म्हटलं, बरं.”

एक जुलैला, बुधवारी दुपारी ती गेली.

तीन तारखेला दफन झालं. मिस्टर ल्युकेन्स, त्यांची बायको आणि बरेच सभासद आले, टोप्या हातात घेऊन उभे राहिले. गेल ओरेगॉनहून आली होती. चार जुलैला स्वातंत्र्यदिन, क्लबात चारशे माणसं, आणि सकाळी सहाला मिस्टर प्रॉसर फडकं घेऊन फाटकावर हजर. मी म्हटलं, “आजचा दिवस राहू द्या.” ते म्हणाले, “घरी काय करू?”

नऊ तारखेला सभा होती. सभेपुढचे विषय टाइप करून लावायचं काम त्यांचंच. चौथा विषय त्यांनी तसाच ठेवला. मी तो कागद पाहिला आणि त्यांच्या ऑफिसात गेले. “हा काढून टाका. आता कशाला?”

“मागच्या सभेवरून पुढे आलेला विषय कमिटीच्या संमतीशिवाय काढता येत नाही, मिसेस हुडाक.”

त्या सभेत कॉफी द्यायला मीच होते. बांधाचं झालं, टेनिस कोर्टाच्या जाळ्यांचं झालं, तलावाच्या उथळ भागातल्या निसटलेल्या फरश्यांचं झालं. मग मिस्टर ल्युकेन्सनी लखोटा फोडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला ते थांबले. उरलेलं त्यांनी मनातच वाचलं आणि पत्र शेजारच्याकडे दिलं. ते हातोहात टेबलभर फिरलं.

“एमलिन, हे काय आहे?”

“माझ्या पत्नीसाठी अर्ज होता, साहेब. आता त्याची गरज नाही. तेवढी नोंद करून विषय बंद करावा.”

“सूट मागितलीयस तू. कसली सूट? कुठल्या नियमातून?”

मिस्टर प्रॉसरनी नियमांचं हिरवं पुस्तक पुढे सरकवलं. मिस्टर ल्युकेन्सनी चष्मा लावला, पानं उलटली, पुन्हा उलटली. “‘कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळात सभासदांच्या जागेत बसू नये.’ एवढंच आहे. व्हर्ना कर्मचारी होती का?”

“नाही.”

“मग?”

“मिस्टर कल्बर्टसननी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कुंपणापलीकडे…” ते थांबले.

“कल्बर्टसन!” कोपऱ्यातले एक म्हातारे सभासद म्हणाले. “तो तर आम्हाला लायब्ररीत शिंकू द्यायचा नाही.” कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“एमलिन,” मिस्टर ल्युकेन्स म्हणाले, “असा नियम नाही. कधीच नव्हता. अरे, तिला कोण अडवणार होतं? माझी बायको दर उन्हाळ्यात म्हणायची, व्हर्नाला जेवायला बोलावू या. मग स्वतःच म्हणायची, नको, तिला आपल्यात मिसळायला आवडत नसावं. इतकी वर्षं एकदासुद्धा इकडे फिरकली नाही. आम्हाला वाटायचं, ती जरा शिष्ट आहे.”

“शिष्ट?” मिस्टर प्रॉसर म्हणाले. ते उभेच होते. सभेत ते कधी बसत नसत. “नाही हो साहेब. ती फार बोलकी होती.”

मी कॉफीचं भांडं घेऊन बाहेर आले आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले.

गेलला हे मी सांगितलं. सांगायला नको होतं का, अजून ठरवता येत नाही. ती आईचे कपडे खोक्यात भरत होती. ऐकून तशीच बाहेर अंगणात गेली. मिस्टर प्रॉसर व्हर्नाच्या झिनियांना पाणी घालत होते.

“बाबा, तो नियम नव्हता?”

“नाही.”

“कुणाला विचारलं होतं तुम्ही? कधी? एकदा तरी?”

“मला वाटलं, विचारणं म्हणजे…” त्यांनी झारी पुढच्या रोपाकडे वळवली. “मला वाटलं, आपण विचारलं नाही म्हणून आपली इज्जत आहे.”

“आणि आई?”

ते पाणी घालत राहिले. झाडाखालचा चिखल बुटांवर आला तरी घालतच राहिले. गेलनं शेवटी त्यांच्या हातातून झारी काढून घेतली.

पुढच्या सोमवारी ते माझ्या घरी आले. याआधी ते कधी गावात माझ्या दारात आले नव्हते. टोपी हातात. “मिसेस हुडाक, मिसेस फेरांते कुठे राहतात? मला एकट्याला जाववणार नाही.”

मम्मा तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. चढावरच्या चाळीसारख्या घरांतलं शेवटचं घर, मागे हातभर अंगण, तिथे टोमॅटोच्या वेलांना जुने मोजे फाडून बांधत होती. आम्हाला बघून तिनं काम थांबवलं नाही.

“प्रॉसर. वाळलास.”

“मिसेस फेरांते, तुम्हाला एक सांगायला आलोय. तुम्हाला ज्या नियमावरून काढलं, तो नियम नव्हता. पुस्तकात नाही. मी कधी तपासून पाहिलं नाही. चूक माझी आहे, क्लबची नाही. तुमची तर नाहीच.”

तिनं गाठ मारून संपवली. मग उलट्या डब्यावर बसली.

“तेरा वर्षं,” ती म्हणाली. “तेरा वर्षं मी त्या पोरीला म्हणत आले, तुझ्यापायी माझी नोकरी गेली. चेष्टेनंच म्हणायची. पण पोर आहे, ती चेष्टा थोडीच समजते? आता एकोणीस वर्षांची झाली, बफेलोला नर्सिंग शिकते. सगळ्या मैत्रिणी तळ्यावर जातात, ही काठावर कपडे सांभाळत बसते. पाण्यात पाय घालत नाही.”

मिस्टर प्रॉसरनी मान खाली घातली.

“मला काय सांगतोस? मी म्हातारी, माझं झालं. तिला सांग. तिला पत्र लिही. तुला पत्रं लिहिता येतात म्हणे चांगली.”

“लिहितो.”

“आणि ऐक. व्हर्ना गेली ते कळलं मला. चर्चमध्ये तिच्यासाठी मेणबत्ती लावली मी. तिनं मला त्या वर्षी नाताळला गुपचूप स्वतः विणलेली शाल पाठवली होती, तुला माहीत नसेल.” मम्मा उठली, पुढची चिंधी हातात घेतली. “तुझ्यासाठी नाही लावली मेणबत्ती. अजून नाही.”

परत येताना गाडीत ते म्हणाले, “शालीचं मला माहीत नव्हतं.” टिनाला त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. टपालात मीच टाकलं. उत्तर आलं का, ते मी विचारलं नाही.

क्लबनं नंतर बरंच काही करायचा प्रयत्न केला. व्हरांड्यात व्हर्नाच्या नावानं जेवण ठेवू म्हणाले. गेलनं मिस्टर ल्युकेन्सना तोंडावर नाही म्हटलं, आणि ते बिचारे मान डोलावून गेले. ऑक्टोबरअखेर शेवटचे सामने झाले, तलाव उपसून झाकला, तेव्हा मिस्टर प्रॉसरनी राजीनामा दिला. कमिटीनं त्यांना तहहयात मानद सभासद केलं, तशा सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्राची चौकट भेट दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले, आणि नव्या मॅनेजरला सगळ्या किल्ल्या एकेक करून समजावून दिल्या. नवा मॅनेजर पोरगेलासा होता, बायको पोटुशी. किल्ल्या संपल्यावर मिस्टर प्रॉसर त्याला म्हणाले, “नियमांचं पुस्तक हिरव्या रंगाचं आहे. स्वतः वाच. मला काही विचारू नकोस.”

नोव्हेंबरात गेल गाडी घेऊन आली आणि त्यांना ओरेगॉनला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नुसतंच म्हणाले, “मिसेस हुडाक.”

नाताळात गेलचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, बाबा कसे आहेत?

“तब्येतीनं बरे आहेत,” ती म्हणाली. “पण मिली, सकाळी ते स्वयंपाकघरात येतात आणि खुर्चीमागे उभे राहतात. माझ्याच घरात. मला विचारतात, ‘इथे बसू का?’ रोज विचारतात. आधी मी चिडायची.”

“आणि आता?”

“आता म्हणते, बसा. आणि ते बसेपर्यंत मीही उभी राहते.”